टू-स्ट्रोक ओबीएम (बोटीच्या मागं लावायचं इंजिन) उघडायचंय : वरच्या सिलिंडरला दाब नाही, बोअर मारू का आधी कारण शोधू?

शिरोळचा_नावाडी

मंडळी, गावच्या बचावबोटीवरचं इंजिन आहे. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ४० हॉर्सपॉवर, ७०३ सीसी, बोअर ८० आणि स्ट्रोक ७० मिमी. दोरी ओढून चालू करायचं, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं.

गार असताना चार-पाच ओढीत लागतं, गरम झाल्यावर दमवतं. लोड आला की बोट उचलत नाही. मागची पाण्याची धार बारीक आहे. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून दाब मोजला. वरचा सिलिंडर ७० पीएसआय, खालचा १०५. वरच्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजला तर ९० आला.

कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. पाणी तिथं पोचायच्या आत इंजिन खात्रीचं व्हायला पाहिजे. पिस्टन, रिंगा, गॅस्केट सेट आणून बोअर मारला (सिलिंडर आतून कापून मोठा केला) की झालं, असं एक मिस्त्री म्हणतो. तेवढ्यावर भागेल का? उघडताना काय काय बघू?

दोनस्ट्रोक_दादा

नावाडीभाऊ, अजून काही विकत आणू नका. तुमच्या आकड्यांवरून एवढंच कळतं की वरच्या सिलिंडरच्या रिंगा आणि बोअर गेलाय. ऑइल सोडल्यावर दाब वाढला, म्हणजे गळती रिंगांतून आहे. हेड गॅस्केट गेलं असतं तर ऑइलनं इतका फरक पडला नसता. पण दोन्ही सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात, दोघांनाही एकाच पंपाचं पाणी मिळतं, मग वरचाच का गेला? याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेनं जाईल. टू-स्ट्रोकमध्ये नवा माल खाणारी चूक हीच.

पिस्टन बाहेर आला की लगेच धुऊ नका, आधी उजेडात धरून वाचा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर पाणी कमी पडलंय किंवा मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय. चारही कोपऱ्यांवर डाग म्हणजे गार इंजिन एकदम रेस केलंय, नाहीतर बोअर घट्ट मारलाय. सगळीकडून सारखा चोळला असेल तर ऑइलच पोचलेलं नाही. माथ्याला भोक पडलं असेल किंवा कड वितळली असेल तर चुकीचा प्लग, पुढं गेलेला टायमिंग आणि पातळ मिश्रण, तिन्ही तपासायचं.

पातळ मिश्रण म्हटल्यावर सगळे जेटकडं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाकडं धावतात. टू-स्ट्रोकची क्रँककेस हा श्वासाचा भाता आहे. पिस्टन वर जाताना ती हवा-पेट्रोल ओढते, खाली येताना ढकलते. वरचं ऑइल सील कडक झालं तर तिथून कोरी हवा आत येते. त्या हवेत पेट्रोल नाही आणि ऑइलही नाही, म्हणजे दुहेरी मार. वरच्या सिलिंडरचं दुखणं असलं की माझी पहिली शंका वरच्या सीलवर आणि दुसरी पाण्याच्या वाटेवर. इंजिन उभं असतं, त्यामुळं पाणी कमी पडलं की हवा आणि वाफ वरच साठते आणि वरचा सिलिंडर आधी तापतो.

देवगड_बंदर

उघडण्याबद्दल मी सांगतो, खाऱ्या पाण्यातली इंजिनं खोलताना जे लागतं ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

मॅग्नेटचं, म्हणजे क्रँकच्या वरच्या चाकाचं नट काढायला चाक धरायचा पाना वापरा. पिस्टनखाली दोरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका, पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीची) कड तुटते. मॅग्नेट पुलरनंच निघतं, तेही मधल्या भोकांना बोल्ट लावणाऱ्या पुलरनं. कडेला जबड्याचा पुलर लावला की चाक वाकतं. पुलर ताणून मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक टोला दिला की टेपर सुटतो. क्रँकच्या टोकावर थेट हातोडा मारलात तर प्रेस केलेला क्रँक जागेवरून हलतो आणि मग तो लेथवाल्याकडं न्यावा लागतो. अर्धचंद्राची चावी काढून डबीत ठेवा. तिला पायरी पडली असेल तर बदला, नाहीतर टायमिंग सरकतो.

हेडचे आणि एक्झॉस्ट कव्हरचे बोल्ट ही खरी परीक्षा. ॲल्युमिनियमच्या आट्यात स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षं बसला की पांढरी पूड धरून जाम होतो. बोल्टच्या डोक्यावर बरोबर बसणारा सॉकेट लावून हातोड्यानं सरळ टोला द्या, मग थोडा घट्ट करा, मग सैल करा, परत घट्ट. फिरेना तर भोवतीचं ॲल्युमिनियम हॉट एअर गननं तापवा आणि गरम असतानाच सोडवा. गंज सोडवणारं ऑइल आधी मारलं असेल तर पुसून, सुकवून मगच गरम करा, पेट घेतं. सहा मिमीचा बोल्ट हाताला रबरासारखा वाटायला लागला की थांबायचं, पुढच्या पाव फेऱ्यात तो तुटतो.

कव्हर काढून आतल्या पाण्याच्या वाटा बघा. आमच्याकडं मीठ साठतं, तुमच्याकडं पुराचा गाळ.

प्रयाग_चिखली

एक्झॉस्ट कव्हर नाही काढलं तर चालत नाही का? त्याचे बोल्ट तुटतील या भीतीनं बरेच जण तसंच सोडतात.

देवगड_बंदर

नाही चालत. सिलिंडरभोवतीचं अर्धं पाणी त्याच कव्हरमागून फिरतं. हेड काढून वरवर फुंकर मारली की वरचा गाळ निघतो आणि कोपऱ्यातला दगड होऊन बसलेला तसाच राहतो. बोल्ट तुटला तर ड्रिल करून नवीन आटे घालता येतात, पण नवीन पिस्टन जाम झाला तर सगळा खर्च पाण्यात.

शिरोळचा_नावाडी

उघडलं. दादांनी सांगितल्याप्रमाणे क्रमानं लिहितो.

वरचा पिस्टन : एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, वरची रिंग खोबणीत अर्धी चिकटलेली. खालचा पिस्टन स्वच्छ, तपकिरी. वरच्या ऑइल सीलची ओठ नखानं दाबली तर वाकत नाही, एका ठिकाणी बारीक चीर. एक्झॉस्ट कव्हरमागं वरच्या सिलिंडरच्या कडेला करड्या रंगाचा गाळ घट्ट बसलाय, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला तर ढपली निघते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा अडकलाय. इंपेलरची (पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची) दोन पाती एका बाजूला मुडपलेली ती तशीच राहिलीत.

बोअर मापून आणले. वरचा : पोर्टच्या वर ८०.११, तळाला ८०.०२, आडव्या-उभ्या मापात ०.०६ चा फरक. खालचा : वर ८०.०५, तळाला ८०.०२, गोलाई ०.०२ च्या आत. वरच्या बोअरमध्ये दोन ओरखड्यांत नख अडकतं.

दोनस्ट्रोक_दादा

मग कारण सापडलं, आणि तीन कारणं हातात हात घालून आलीत. पंप कमी पाणी देत होता, गाळानं वरची वाट अरुंद केली, त्यावर सीलमधून कोरी हवा. अशात नुसता बोअर मारून दिला असता तर पहिल्याच पुरात बोट मधेच बंद पडली असती.

थर्मोस्टॅट नवा आणा, पण नवाही तपासून घाला. पातेल्यात पाणी, त्यात दोरीनं टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. या इंजिनांचे थर्मोस्टॅट साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतात. गाडीचा ८० अंशाला उघडणारा आकारानं बसला तरी घालू नका. आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला ऐकू नका, गार पाण्यात इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल नीट जळत नाही, प्लग ओले राहतात आणि रिंगा काजळीनं चिकटतात.

उद्यमनगर_लेथ

बोअरच्या मापाबद्दल. अशा इंजिनांना निमुळतेपणा ०.०८ आणि गोलाईतला फरक ०.०५ ही शेवटची मर्यादा धरतात. वरचा दोन्हींत बाहेर गेला. ८०.११ ची ०.०९ ने निमुळती झालेली भिंत होनिंगनं (दगडानं बारीक घासून) सरळ होत नाही, बोअरिंगच लागणार.

पहिला ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन, ०.२५ चा. नख अडकणारा ओरखडा त्यात निघेल का, हे आधी बघायचं. बोअर ८०.२५ च्या आसपास जाणार, म्हणजे ८०.११ वरून व्यासात ०.१४, एका बाजूला फक्त ०.०७ मिमी निघणार. ओरखडा त्याहून खोल असला तर तळाशी काळी रेघ राहील आणि ०.५० वर जावं लागेल. म्हणून ओरखड्यावर डायल (काट्याचं मापयंत्र) फिरवून खोली मोजा आणि मगच पिस्टनची ऑर्डर द्या.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायला देऊ नका. खोक्यावर ०.२५ लिहिलंय म्हणून बोअर बरोबर ८०.२५ असं होत नाही. पिस्टनचा स्कर्ट तळापासून १० मिमी वर, गजनपिनच्या (पिस्टन आणि कॉन्रॉड जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, मायक्रोमीटरनं मोजायचा. समजा ८०.१९ भरला आणि पुस्तकात फट ०.०६ दिली असेल, तर बोअर ८०.२५. फट तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातलीच घ्या. मोटरसायकलच्या सवयीनं ०.०४ ठेवली की हा पिस्टन गरम झाल्यावर चारही कोपऱ्यांनी धरतो, आणि ट्रॅक्टरच्या सवयीनं ०.१० ठेवली की पहिल्या दिवसापासून खडखड.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात टू-स्ट्रोकचं काम कमी झाल्यामुळं हल्ली हेच विसरलं जातं : बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा मारणं. बोअरिंगचं टूल पोर्टवरून जाताना कड सुरीसारखी धारदार सोडतं. रिंग पोर्टसमोरून जाते तेव्हा ती जराशी बाहेर फुगते, त्या कडेला अडकते आणि मोडते. बारीक गोल कानस किंवा छोटा दगड घेऊन प्रत्येक पोर्टच्या वरच्या आणि खालच्या कडेला अर्धा मिमीच्या आसपास गोलाई द्यायची, एक्झॉस्टला जरा जास्त. बोट फिरवलं तर कुठं अडकायला नको. मगच होनिंग, म्हणजे कानशीची खूण पुसली जाते आणि तिरक्या जाळीच्या रेघा उठतात. होनिंगनंतर डिझेलनं धुऊन भागत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशनं घासा, कोरड्या पांढऱ्या फडक्यावर करडं येणं थांबेपर्यंत. मग लगेच ऑइल लावा, नाहीतर तासाभरात लायनरवर गंजाचा रंग चढतो.

कार्ब_आणि_जेट

लेथवाले, दोन्ही सिलिंडर बोअर करायचे का एकच? खालचा तर मर्यादेत दिसतोय.

उद्यमनगर_लेथ

एकच केला तरी इंजिन चालतं. कंपनीचे ओव्हरसाइझ पिस्टन वजनाला मूळच्या जवळच असतात, तोल बिघडत नाही. वजनकाट्यावर दोन्ही ठेवून खात्री करून घ्या. बाहेरचा पिस्टन असेल आणि आठ-दहा ग्रॅमचा फरक दिसला तर मात्र दोन्ही एकाच जातीचे घ्या. खालच्याला होनिंग आणि नवीन रिंगा पुरे.

दोनस्ट्रोक_दादा

इथं माझं मत वेगळं आहे. नेहमीच्या मासेमारीच्या बोटीला एक सिलिंडर चालेल. पुरात माणसं आणायच्या बोटीला मी दोन्ही बोअर करीन. खालच्यानंही तेवढेच तास कमी पाण्यावर काढलेत, आणि तो पुढच्या वर्षी गेला तर सगळं परत उघडायचं. पिस्टन आणि बोअरिंगचा जादा खर्च तेव्हाच्या गॅस्केट, सील आणि मजुरीपेक्षा कमी आहे. निर्णय तुमचा, पण क्रँक मोजून झाल्यावर घ्या. क्रँक गेला असेल तर हिशोबच बदलतो.

क्रँक असा बघा : दोन व्ही-ब्लॉकवर बाहेरच्या बेअरिंगवर ठेवून टोकांना डायल लावा आणि हळू फिरवा. काटा ०.०५ मिमीच्या पुढं हलायला नको. कॉन्रॉडचं वरचं टोक क्रँकच्या लांबीच्या दिशेनं हलवा. २ मिमीच्या पुढं झुकलं तर खालचं बेअरिंग आणि पिन झिजलीय. वर-खाली हलवून खट्ट असा आवाज आला तर मोजायचीही गरज नाही. बेअरिंगं धुऊन, हवा न मारता हातानं फिरवा. हवेनं गरागरा फिरवलेलं कोरडं बेअरिंग तिथंच खराब होतं. पाणी गेलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर काळे ठिपके दिसतात आणि हाताला वाळू असल्यासारखं लागतं.

मोटरसायकलचा क्रँक प्रेस करणारे कोल्हापुरात आहेत, पण हा दोन सिलिंडरचा आहे. दोन्ही पिना १८० अंशावर आणि मधे दोन क्रँककेस वेगळ्या ठेवणारा लॅबिरिंथ (खाचांचा सील). ज्यानं असा क्रँक सरळ केलेला नाही त्याच्याकडं पहिला प्रयोग करू नका.

शिरोळचा_नावाडी

क्रँक डायलवर ०.०२. वरचं टोक दोन्हीकडं १ मिमीच्या आसपास हलतं. खालच्या टोकाचं मेन बेअरिंग फिरताना कुरकुरतं, ते बदलतोय. ओरखडा ०.०५ खोल निघाला, म्हणजे ०.२५ मध्ये जाईल. दोन्ही बोअर करायचं ठरलं. बांधणीत कुठं चुकतं ते सांगा.

दोनस्ट्रोक_दादा

चार जागा सांगतो, बाकी तुमचा हात बसलेला दिसतोय.

गजनपिनच्या सुट्या सुया. खोलताना किती निघाल्या ते मोजून लिहून ठेवलं असेलच. दोन्ही रॉडच्या सुया वेगळ्या डबीत ठेवा, मिसळू नका. बसवताना रॉडच्या भोकाला आतून ग्रीसचा पातळ थर द्या, मधे पिनच्या मापाचा आणि रॉडच्या रुंदीएवढा गुळगुळीत तुकडा धरा आणि एकेक सुई उभी लावत जा. शेवटची सुई बसायला किंचित दाब लागतो. ती आरामात बसली आणि अजून जागा उरली तर एक कमी आहे, खाली वाकून शोधा. मग दोन्ही बाजूंची वॉशर, वर पिस्टन, आणि खरी पिन त्या तुकड्याला ढकलत आत येते. पिनला पिस्टन घट्ट असेल तर पिस्टन गरम पाण्यात तापवा, ठोकू नका. सर्क्लिप (पिन अडवणारी तारेची कडी) प्रत्येक वेळी नवी. जुनी परत बसवली आणि सुटली की बोअरमध्ये जी खाच पडते ती ०.५० लाही निघत नाही. सर्क्लिपचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.

रिंगा. आधी एकेक रिंग नुसती बोअरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्यानं सरळ ढकलून, फिलर गेजनं तोंडाची फट बघा. ८० च्या बोअरला साधारण ०.३ ते ०.५ मिमी. टू-स्ट्रोकच्या खोबणीत एक बारीक पिन असते, रिंगेचं तोंड त्या पिनवरच बसायला पाहिजे, म्हणजे ती फिरून पोर्टवर येत नाही. सिलिंडरमध्ये शिरताना रिंग पिनवरून सरकली तर हाताला अडकल्यासारखं वाटतं. तिथं जोर लावायचा नाही, बाहेर काढून परत. पिस्टनच्या माथ्यावरची खूण मॅग्नेटच्या बाजूला, म्हणजे वर.

क्रँककेसचा सांधा. इथं कागदी गॅस्केट नसतं, मशीन केलेल्या दोन तोंडांमधे फक्त सीलंट. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. पोलादी पात्यानं एक ओरखडा आला की तिथून हवा. घरगुती सिलिकॉन अजिबात नको, पेट्रोलनं ते फुगतं आणि आत आलेले दोरे रीडमधे (क्रँककेसच्या तोंडावरच्या एकतर्फी झडपेत) किंवा बेअरिंगच्या ऑइलच्या भोकात अडकतात. हवा बंद झाल्यावर घट्ट होणारं ॲनारोबिक सीलंट घ्या, एका तोंडावर केसासारखी बारीक रेघ, बोल्टच्या भोकांना आतून वळसा घालून. बेअरिंगच्या अंगावरच्या खुणेच्या पिना आपापल्या खाचेत बसल्यात का ते बघून मग झाकण लावा. बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यात, टॉर्क पान्यानं. प्रत्येक टप्प्याला क्रँक हातानं फिरवून बघा. जड झाला तर काहीतरी दबलंय.

आणि दाब चाचणी. पॉवरहेड (सिलिंडर-क्रँकचा वरचा भाग) बोटीवर चढवायच्या आधी इनटेकला आणि खालच्या बैठकीला रबर आणि लोखंडी पट्टी लावून बंद करा, प्लग घट्ट करा, पेट्रोल पंपाच्या पल्स नळीतून हातपंपानं ६ पीएसआय भरा. काटा मिनिटभर जागेवर राहायला हवा. पडला तर साबणाचं पाणी सीलवर आणि सांध्यावर. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सीलची ओठ उलटी बसली असेल तर इथंच कळते.

कार्ब_आणि_जेट

पेट्रोलचा भाग राहिलाय. बचावबोटीचं इंजिन वर्षातले दहा महिने उभं असतं, आणि हल्लीचं पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं. ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाच्या पुढं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. त्या थरात टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल राहत नाही. नळी तळातूनच ओढते, म्हणजे पहिली पाच मिनिटं इंजिन ऑइलशिवाय चालतं. मागच्या हंगामाचं पेट्रोल इंजिनात घालायचंच नाही.

कार्ब्युरेटर पूर्ण उघडा, जेट काढून उजेडाला धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तारेनं टोचू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बदलतं. क्लीनर आणि हवा पुरे. फ्लोटची सुई आणि तिची बैठक, पंपाचे पडदे, हातानं दाबायचा फुगा आणि नळ्या बदला. जुन्या नळ्या आतून सोलतात आणि त्या सालीच जेटमधे जातात. रीडच्या पात्यांची टोकं बघा. तुकडा उडालेला असेल किंवा बैठकीपासून ०.२ मिमीपेक्षा जास्त उचललेली असतील तर लागायला त्रास देतात. तुमची पहिली तक्रार तीच होती.

देवगड_बंदर

खालचा पाय (पंप, गिअर आणि प्रॉपेलरचा भाग) विसरू नका, निम्मी दुखणी तिथली.

इंपेलर एकटा बदलू नका, त्याचा स्टीलचा पेला आणि खालची पट्टीही बघा. गाळाच्या पाण्यात पेल्याला गोल खोबण पडते. नवीन रबर त्यात बसलं तरी पाणी मागं गळतं. बसवताना पेल्याला आतून ग्रीस लावून, शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत खाली दाबा, म्हणजे पाती बरोबर वळतात. इंपेलरची चावी पडली तर सगळं नीट बसूनही पाणी येत नाही.

गिअर ऑइल काढताना खालचा स्क्रू उघडा. पहिलं पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ असेल तर प्रॉपेलर शाफ्टची सीलं गेली. बहुतेक वेळा मागं गळाची तंगूस गुंडाळलेली सापडते, ती सीलची ओठ कापते. नवीन सीलं घातल्यावर ऑइल भरायच्या आधी १० पीएसआय हवा भरून पाण्यात बुडवा, बुडबुडे नकोत. हायपॉइड ९० नंबरचं ऑइल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं की आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंची वॉशर नवीन.

ड्राइव्ह शाफ्टच्या वरच्या दात्यांना पाण्यात न धुणारं ग्रीस लावा, पण शाफ्टच्या टोकावर ढीग ठेवू नका, पॉवरहेड बसताना तो ढीग शाफ्टला वर जागाच देत नाही. पंचगंगेत जलपर्णी, उसाचा पाला आणि प्लास्टिक असतंच, पाणी शिरायच्या जाळ्या दर फेरीनंतर बघायची सवय ठेवा. गोड्या पाण्यात जस्ताच्या ॲनोडपेक्षा ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा जास्त काम करतो, आणि त्याला रंग देऊ नका.

प्रयाग_चिखली

ऑइलचं विचारायचं राहिलं. जुन्या मोटरसायकलचं टू-टी ऑइल घातलं तर काय बिघडतं? गावात तेच मिळतं.

दोनस्ट्रोक_दादा

ते हवेनं गार होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलंय. त्यातल्या काही घटकांची जळून राख होते. पाण्यानं गार होणारं इंजिन त्या तापमानाला जातच नाही, राख प्लगवर आणि रिंगांच्या खोबणीत बसते. वरची रिंग चिकटलेली आत्ता बघितलीत. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या, ते राख न करणारं असतं. पूर आल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधीच पाच लिटर आणून ठेवा.

शिरोळचा_नावाडी

बांधणी झाली, दाब चाचणीत ६ पीएसआय दोन मिनिटं टिकला. पहिल्या वेळी ४ वर येत होता, वरच्या सीलच्या कडेला साबणाचे बुडबुडे आले. सील किंचित तिरकं बसलं होतं, नवं घालून सरळ दाबलं. आता चालू करतोय. रनिंग-इन कसं करू?

दोनस्ट्रोक_दादा

सीलचं तिथंच कळलं हे फार चांगलं झालं.

पहिले १० तास मिश्रण २५ ला १, म्हणजे १० लिटर पेट्रोलला ४०० मिलि ऑइल, २४ लिटरच्या टाकीला ९६० मिलि. नंतर ५० ला १, २४ लिटरला ४८० मिलि. आधी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल घालून हलवा, मग उरलेलं पेट्रोल भरा. सगळं पेट्रोल भरून वर ऑइल ओतलं की ते तळाला बसून राहतं.

पाण्याशिवाय एक सेकंदही नाही, इंपेलर कोरडा घासून जळतो. २०० लिटरच्या बॅरलमध्ये, प्रॉपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर पाणी येईल इतकं भरून, प्रॉपेलर काढून चालू करा. मिनिटाच्या आत मागून धार आली नाही तर बंद. पहिला धूर पांढरा आणि भरपूर येईल, तो बांधताना लावलेल्या ऑइलचा. दहा मिनिटं सावकाश, मग बंद करून गार होऊ द्या, आणि पुस्तकात सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट परत टॉर्कला बघा.

मग बोटीवर. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या आत, साधारण २,००० फेरे. दुसरा तास पाऊण थ्रॉटलपर्यंत, ३,००० च्या आसपास. पुढचे आठ तास फुल थ्रॉटल एका वेळी पाच मिनिटांच्या वर नाही. एकाच रेसवर धरून बसू नका, दर काही मिनिटांनी कमी-जास्त करा. बोट रिकामी ठेवा. त्यातही नुसतं आयडलिंग करून तास भरू नका, रिंगांना बसायला थोडा दाब लागतो.

शिरोळचा_नावाडी

१० तास झाले. दाब वर ११२, खाली ११५. वरचा प्लग फिकट तपकिरी, खालचा जरा काळसर आणि ओलसर. धार जोरात आहे, हात लावला तर कोमट. खालच्या प्लगचं काय करू?

कार्ब_आणि_जेट

दोन्हींत तीन टक्क्यांच्या आत फरक, झकास. १० टक्क्यांपर्यंत चालतो.

प्लगकडं आत्ता काही करू नका. २५ ला १ वर चालवलेल्या इंजिनाचे प्लग ओलसर राहतातच, आणि खालच्या क्रँककेसमध्ये ऑइल जास्त साठतं. ५० ला १ ची एक टाकी संपवा, नवीन प्लग घाला, पाच मिनिटं पाऊण थ्रॉटलवर चालवा आणि तिथंच, रेस कमी न करता, एकदम किल स्विचनं बंद करून प्लग काढून बघा. हळूहळू बंद केलेल्या इंजिनाचा प्लग आयडलचा रंग दाखवतो. तरीही खालचा काळा राहिला तर प्लग आणि कॉइल वर-खाली बदला. काळेपणा कॉइलबरोबर वर गेला तर ठिणगी कमजोर आहे. खालीच राहिला तर खालच्या बाजूचा फ्लोट किंवा सुई पेट्रोल जास्त सोडतेय.

पावसाळ्याच्या आधी आणखी एक : बोट उभी करताना पेट्रोलची नळी काढून, कार्ब्युरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवा, मग दोन्ही प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून दोरी दोन-तीनदा हळू ओढा. इंजिन उभंच ठेवा, आडवं नको, पायातलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. आठवड्यातून एकदा दोरी ओढून फिरतंय ना बघा, आणि महिन्यातून एकदा बॅरलमध्ये १५ मिनिटं चालवा, ताज्या मिश्रणावर.